विश्लेषण : लिलावात पहिली बोली मोठ्या चढाईपटूवरच लावावी का?

विजयदुर्ग : संघ बांधताना पहिला पैसा कोणावर घालायचा, हा प्रश्न आता फक्त मुंबईतल्या पंचतारांकित हॉटेलात बसलेल्या संघमालकांचा राहिलेला नाही. कबड्डी असो वा टेनिस चेंडूचे क्रिकेट, कोकणातल्या गावांतही आता ‘प्रीमियर लीग’ भरते, पॉइंट वाटून लिलाव होतो, तो मोबाइलवर थेट दिसतो. पहिल्या दहा मिनिटांत कुठला तरी संघ एका नावासाठी अर्धी थैली रिकामी करतो. टाळ्या पडतात, व्हॉट्सॲपवर फोटो फिरतात. पुढे मैदानात काय होते? प्रो कबड्डीच्या लिलावांचे निकाल याबाबत बरेच काही सांगतात. अमेरिकेतल्या फुटबॉलमध्येही हाच वाद वर्षानुवर्षे चालू आहे.

वाद नेमका काय आहे?

प्रत्येक सांघिक खेळात एक जागा अशी असते, जिच्याभोवती बाकीचा संघ फिरतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये ती ‘क्वार्टरबॅक’ची. चेंडू हातात घेऊन तो कोणाकडे, कधी फेकायचा हे तोच ठरवतो. कबड्डीत अशी जागा मुख्य चढाईपटूची. तीस सेकंदांत समोरच्या सात जणांना एकट्याने भिडणारा, गुण आणणारा आणि आपले बाद झालेले गडी परत मैदानात आणणारा तोच.

अशा खेळाडूशिवाय अजिंक्यपद मिळत नाही, म्हणून तो पहिल्याच फेरीत घ्या, असे एका बाजूचे म्हणणे. दुसरी बाजू म्हणते, आधी घर बांधा, मग कळस चढवा. दोन्ही बाजूंकडे दाखवायला उदाहरणे आहेत. त्यामुळे एखाद्या उदाहरणावर न थांबता त्यामागचे कारण शोधायला हवे.

अमेरिकेत हे कसे चालते?

तिथल्या ‘एनएफएल’ या व्यावसायिक लीगमध्ये ३२ संघ आहेत. महाविद्यालयांतून येणारे नवे खेळाडू लिलावात विकले जात नाहीत, त्यांची पाळीपाळीने निवड होते. तिला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. आदल्या हंगामात सर्वांत वाईट खेळलेल्या संघाला पहिली पाळी मिळते, विजेत्याला शेवटची. अशा सात फेऱ्या होतात. मूळ हेतू चांगला आहे, दुबळ्याला आधी घास. पण त्यातूनच पेच उभा राहतो. ज्या संघाचे सगळेच बिघडलेले असते, त्याच्याच हाती सर्वांत चांगला नवा क्वार्टरबॅक येतो. त्याला वाचवणारी फळी मात्र त्या संघाकडे नसते.

१९९८ मध्ये पहिल्या क्रमांकावर पेटन मॅनिंग आणि दुसऱ्या क्रमांकावर रायन लीफ असे दोन क्वार्टरबॅक निवडले गेले. निवडीआधी दोघांत सरस कोण, यावर जाणकारांत एकमत नव्हते. मॅनिंगने पुढे दोन वेगवेगळ्या संघांना सुपर बोल जिंकून दिला. लीफची कारकीर्द काही वर्षांतच आटोपली. २००० मध्ये टॉम ब्रॅडी सहाव्या फेरीत, १९९व्या क्रमांकावर निवडला गेला आणि त्याने सात सुपर बोल जिंकले. म्हणजे पाहणाऱ्यांचे डोळे कितीही तयार असले, तरी अंदाज चुकतो.

याहून बोलके उदाहरण पॅट्रिक महोम्सचे. २०१७ मध्ये कॅन्सस सिटी चीफ्सने आपल्या पाळीपर्यंत थांबण्याऐवजी पुढच्या निवडींचा मोबदला देऊन दहावी पाळी मिळवली आणि त्याला घेतले. पण चीफ्स हा तळातला संघ नव्हता. आदल्या हंगामात त्यांनी १६ पैकी १२ सामने जिंकले होते. संघात अनुभवी क्वार्टरबॅक होता, चांगला प्रशिक्षक होता. महोम्सला पहिले वर्ष जवळजवळ बाकावर बसवून शिकू दिले गेले. पुढच्याच वर्षी तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. खेळाडू मोठा होताच, पण त्याला मिळालेले घरही बांधून तयार होते.

ड्राफ्ट आणि लिलाव यांत फरक काय?

हा फरक समजून घेतला नाही तर अमेरिकेतला धडा इथे उलटा लागू पडतो. ड्राफ्टमध्ये तुम्ही पैसे नव्हे, पाळी खर्च करता. नव्या खेळाडूचा पगार कितव्या क्रमांकावर निवड झाली, यावर बराचसा ठरलेला असतो. पहिली चार वर्षे चांगला क्वार्टरबॅक तुलनेने स्वस्त पडतो आणि वाचलेल्या पैशात बाकीचा संघ उभारता येतो. म्हणूनच तिथले संघ पहिल्या फेरीत धोका पत्करतात.

लिलावात उलट आहे. मोठ्या खेळाडूसाठी दिलेला प्रत्येक रुपया दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याचा असतो. प्रो कबड्डीत अलीकडच्या हंगामांत प्रत्येक संघाची थैली पाच कोटींची आहे आणि त्यात किमान १८ खेळाडू बसवायचे आहेत. एकट्यावर अडीच कोटी गेले, की उरलेल्या सतरा जणांसाठी तेवढेच उरतात. म्हणून लिलावात ‘हा खेळाडू चांगला आहे का’ एवढे विचारून भागत नाही. ‘याच्यामुळे माझ्या हातून कोण कोण जाणार’ हेही विचारावे लागते.

प्रो कबड्डीत महागड्या चढाईपटूंनी काय दिले?

प्रो कबड्डी २०१४ मध्ये सुरू झाली. लिलावात कोटीची रेषा ओलांडली गेली ती २०१८ च्या सहाव्या हंगामासाठी. त्या वेळी सर्वांत महाग ठरला चढाईपटू मोनू गोयत, एक कोटी ५१ लाख रुपये. त्याला घेणारा हरियाणा स्टीलर्स आपल्या गटात शेवटचा राहिला.

त्याच लिलावात यू मुम्बाने सिद्धार्थ देसाई या नवख्या चढाईपटूला ३६ लाख ४० हजारांत घेतले. सिद्धार्थ आंबोली घाटापलीकडच्या चंदगड तालुक्यातला, म्हणजे आपल्या शेजारचाच. त्या हंगामात त्याने चढाईत दोनशेहून अधिक गुण घेतले. लगेच पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी एक कोटी ४५ लाख मोजले. सिद्धार्थने सातव्या हंगामातही दोनशेचा टप्पा ओलांडला, पण टायटन्स तळाच्या संघांतच राहिले. आठव्या हंगामात तो सुरुवातीलाच जखमी झाला आणि टायटन्सला संपूर्ण हंगामात एकच सामना जिंकता आला.

प्रदीप नरवालचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. त्याच्या जोरावर पाटणा पायरेट्सने तिसरा, चौथा आणि पाचवा असे सलग तीन हंगाम जिंकले. पाचव्या हंगामात त्याने एकट्याने चढाईत ३६९ गुण मिळवले. ‘मोठा चढाईपटू घ्याच’ म्हणणाऱ्यांचा हा हुकमी दाखला. पण सातव्या हंगामात याच प्रदीपने याच पाटण्यासाठी ३०२ गुण मिळवले आणि संघ बाद फेरीपर्यंतही पोहोचला नाही. पुढे २०२१ च्या लिलावात यूपी योद्धाने त्याला एक कोटी ६५ लाखांत नेले. तिथे त्याचा संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला, हे मान्य करायला हवे. मात्र त्या उपांत्य सामन्यात योद्धाला हरवले ते प्रदीपविना खेळणाऱ्या पाटण्यानेच. चढाईचे काम तीन-चार जणांत वाटून आणि इराणचा तरुण बचावपटू मोहम्मदरेझा शादलुई याच्या पकडींवर भर देऊन पाटणा अंतिम फेरीत गेले. तिथे दबंग दिल्लीने त्यांना ३७-३६ असे अवघ्या एका गुणाने हरवले.

पवन सेहरावतची कहाणी तर सर्वांत महाग. नवव्या हंगामासाठी तमिळ थलैवाजने त्याच्यावर दोन कोटी साडेसव्वीस लाख लावले. त्या वेळी थैली चार कोटी ४० लाखांची होती, म्हणजे निम्म्याहून अधिक रक्कम एकट्यावर गेली. पहिल्याच सामन्यात पवनच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि हंगाम संपला. गंमत अशी, की नरेंदर या तरुण चढाईपटूला पुढे करून आणि बचावफळीवर विसंबून थलैवाज त्याच हंगामात प्रथमच उपांत्य फेरीत पोहोचले. पुढच्या लिलावात पवनवर दोन कोटी साडेसाठ लाखांची विक्रमी बोली लागली, ती तेलुगू टायटन्सची. दहाव्या हंगामात टायटन्स बारा संघांत बाराव्या क्रमांकावर राहिले.

अकराव्या हंगामात सर्वांत महाग ठरलेला सचिन तंवर दोन कोटी १५ लाखांना थलैवाजकडे गेला, त्यांना बाद फेरी गाठता आली नाही. पाटण्याकडून ३०१ गुण मिळवणारा देवांक दलाल बाराव्या हंगामासाठी दोन कोटी साडेवीस लाखांना बंगालकडे गेला, तिथेही तेच घडले.

यात दोष या खेळाडूंचा नाही. सिद्धार्थ, प्रदीप, देवांक यांनी आपापले काम केले. चूक झाली ती एका माणसाला संघ समजण्यात.

एकट्या चढाईपटूचे गणित का जमत नाही?

याचे उत्तर कबड्डीच्या नियमातच आहे. चढाईपटू पकडला गेला, की तो बाहेर बसतो. त्याला परत आणायचे तर त्याच्या संघाने गुण मिळवायला हवा, म्हणजे कोणी तरी पकड करायला हवी किंवा दुसऱ्या चढाईपटूने गडी टिपायला हवा. मोठा चढाईपटू स्वतःला जिवंत करू शकत नाही.

मग विचार करा. ज्या संघाकडे बचाव नाही आणि दुसरा चढाईपटूही कच्चा आहे, त्या संघाचा अडीच कोटींचा खेळाडू एकदा बाद झाला की पाच-सहा मिनिटे बाकावर बसून राहतो. तेवढ्यात समोरचा संघ लोण चढवतो, दोन जादा गुण घेतो आणि सामना हातचा जातो. वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांत असे दोनदा झाले, तरी त्याच्या किमतीचा मोठा भाग वाया गेला. उलट ज्याचे दोन्ही कोपरे भक्कम आहेत, त्या संघाचा चढाईपटू एक-दोन चढायांत परत मैदानात असतो. तोच खेळाडू, तेच कौशल्य, पण मैदानावरचा वेळ वेगळा. चांगला बचाव म्हणजे चढाईपटूचा वेळ विकत घेणे, हे लिलावाच्या टेबलावर फार थोड्यांना सुचते.

दुसरी गोष्ट थकव्याची. एकटाच चढाई करतो, हे समोरच्या संघाला दुसऱ्या सामन्यातच कळते. त्याचा आवडता पाय, बोनस घेण्याची तऱ्हा, पळण्याची दिशा यांचा अभ्यास होतो. सलग दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी ‘करा किंवा मरा’ चढाई प्रत्येक वेळी त्याच्याच गळ्यात पडते. शरीर थकते आणि थकलेल्या शरीरालाच दुखापत गाठते.

मग पुणेरी पलटणने अडीच कोटींच्या जवळ जाणारी बोली का लावली?

हा आक्षेप रास्त आहे. दहाव्या हंगामाआधी पुणेरी पलटणने शादलुईसाठी दोन कोटी ३५ लाख मोजले. पाच कोटींपैकी ४७ टक्के. आणि तेच विजेते ठरले. १ मार्च २०२४ रोजी अंतिम सामन्यात त्यांनी हरियाणाला २८-२५ असे हरवले. शादलुई त्या हंगामातला सर्वाधिक पकडी करणारा खेळाडू होता.

पण ही बोली लागली तेव्हा पलटणच्या घरात काय होते, ते पाहा. आदल्या हंगामात ते अंतिम फेरीत खेळले होते. नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, नाशिकचा आकाश शिंदे, मोहित गोयत, पंकज मोहिते, अबिनेश नादराजन अशी तरुण पोरे त्यांनी काही वर्षे सांभाळून, खेळवून तयार केली होती. नियमाप्रमाणे तरुण खेळाडू कमी पैशांत राखता येतात. त्यामुळे अर्धी थैली एकावर गेली तरी संघ रिकामा राहिला नाही. चढाई तीन-चार जणांत वाटलेली होती. उणीव होती ती एका खमक्या बचावपटूची आणि त्यांनी नेमकी तीच भरली.

पुढच्या वर्षी शादलुई दोन कोटी सात लाखांना हरियाणाकडे गेला. तिथेही आधीपासून घडवलेली बचावफळी होती. २९ डिसेंबर २०२४ रोजी पुण्यात पाटण्याला ३२-२३ असे हरवून हरियाणाने पहिले अजिंक्यपद मिळवले. त्यानंतर गुजरातने त्याला दोन कोटी २३ लाखांना नेले आणि गुजरात बाद फेरीबाहेर राहिले. खेळाडू एकच, किंमतही जवळपास तीच, निकाल मात्र दोन ठिकाणी अजिंक्यपद आणि तिसऱ्या ठिकाणी बाद फेरीबाहेर. तो खरेदी केल्याने संघ बनत नाही. बनलेल्या संघात तो आला, की अजिंक्यपद मिळू शकते.

गावच्या लीगला हे लागू पडते का?

पडते, किंबहुना अधिकच. समजा प्रत्येक संघाला दहा हजार पॉइंट दिले आणि बारा खेळाडू घ्यायचे आहेत. पहिल्याच नावावर साडेपाच हजार घालवले, तर उरलेल्या अकरा जणांसाठी साडेचार हजार, म्हणजे सरासरी चारशे नऊ पॉइंट. त्यात येणार कोण? ज्यांच्यावर कोणीच बोली लावली नाही ते. जखमी झालेल्याच्या जागी घ्यायला मोठ्या लीगमध्ये बदली खेळाडू असतो. गावात मुंबईहून दोन दिवसांसाठी आलेल्या चाकरमान्याचा पाय मुरगळला, तर रविवारच्या सामन्यात त्याच्या जागी उतरायला कोणी नसते.

याला एक अपवाद मात्र मान्य करायला हवा. प्रो कबड्डीच्या अकराव्या हंगामात प्रत्येक संघाला साखळीतच २२ सामने होते, अशा लांब साखळीत संघाची खोली दिसून येते. गावची स्पर्धा एका रात्रीत तीन सामन्यांत संपते. एवढ्या थोड्या खेळात एखादा मोठा चढाईपटू किंवा सहा चेंडूंत सामना फिरवणारा फलंदाज खरोखर चषक आणून देऊ शकतो. त्याशिवाय मोठे नाव असले की गर्दी होते, देणगीदार मिळतो, लाउडस्पीकरवर गावाचे नाव गाजते. हे फायदे खोटे नाहीत. प्रश्न इतकाच, की चषक एका रात्रीपुरता हवा आहे की दरवर्षी लढणारा संघ हवा आहे.

मग बोली कोणत्या क्रमाने लावावी?

वरच्या उदाहरणांवरून काही गोष्टी सरळ दिसतात.

पहिली, लिलावाला बसण्याआधी आपल्याकडे काय आहे ते कागदावर लिहा. दोन्ही कोपरे, मधली जोडी, दोन चढाईपटू. यांतल्या चार जागा भरलेल्या असतील तरच पाचव्यासाठी मोठी उडी मारा.

दुसरी, एका खेळाडूवर जास्तीत जास्त किती घालायचे तो आकडा घरीच ठरवा. थैलीच्या तिसऱ्या हिश्शापुढे जायचे असेल, तर उरलेल्या जागा कोण भरणार त्यांची नावे हातात असली पाहिजेत. लिलावात समोरचा बोट वर करतो म्हणून आपणही करणे, हा खेळाचा विचार नव्हे.

तिसरी, कोपऱ्यांची जोडी एकत्र घ्या. वर्षानुवर्षे सोबत खेळलेले दोन साधे बचावपटू एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन नामवंतांपेक्षा अधिक पकडी करतात, कारण साखळीची पकड विश्वासावर चालते. लिलावात अशा जोड्या बहुधा उशिरा आणि स्वस्तात मिळतात.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, गावातली दोन-तीन पोरे दरवर्षी संघात ठेवाच आणि त्यांना खरोखर खेळवा. पलटणचे यश दोन कोटी ३५ लाखांच्या बोलीत जितके होते, त्याहून अधिक त्याआधीच्या दोन-तीन वर्षांच्या सबुरीत होते. सिद्धार्थ देसाईही कधीतरी खेड्यातल्या मातीत खेळणारा, कोणाला न ठाऊक असलेला पोरगाच होता. त्याला कोणी तरी चढाई करू दिली म्हणून तो पुढे गेला. बाहेरच्या पाहुण्या खेळाडूने सगळ्या चढाया करायच्या आणि गावच्या पोरांनी पाणी द्यायचे, अशी लीग दहा वर्षे चालली तरी त्या गावातून एकही खेळाडू वर जाणार नाही. आयोजकांना यात करण्यासारखे आहे. एका खेळाडूवरच्या बोलीला मर्यादा घालावी आणि प्रत्येक संघात एकवीस वर्षांखालील दोन स्थानिक मुले मैदानात उतरवणे सक्तीचे करावे.

निष्कर्ष काय?

मोठा चढाईपटू घ्यावा, पण तो शेवटची वीट म्हणून, पायाचा दगड म्हणून नव्हे. संघ तयार असेल तर त्याच्यासाठी पाळी मोडून पुढे जाण्यातही शहाणपण आहे, महोम्स आणि शादलुई याची साक्ष देतात. संघ तयार नसेल तर तीच बोली त्या खेळाडूवरही अन्याय करते. हरल्यावर शिव्या बाकावर बसलेल्या त्यालाच पडतात.

विजयदुर्गकरांना हे सांगायला लांबचे उदाहरण लागू नये. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांनी हल्ला केला तेव्हा तुळाजी आंग्र्यांचे गाजलेले आरमार किल्ल्याच्या आडोशाला एकमेकांना खेटून उभे होते. एका जहाजावर तोफगोळा पडून आग लागली आणि पाहता पाहता सगळे आरमार जळाले. ज्याच्या भरवशावर सगळे होते, ते एका ठिणगीत गेले. किल्ल्याची तिहेरी तटबंदी मात्र आजही उभी आहे. पुढच्या लिलावात पहिली बोली लावण्याआधी आपण जहाज घेतो आहोत की तट बांधतो आहोत, एवढे संघमालकांनी स्वतःला विचारावे.